तराजू आणि सूप

ज्या घरात दोन मुले आहेत, त्या घरात एक वाक्य केव्हा ना केव्हा उच्चारले जातेच. शब्द निरनिराळे असतात. अर्थ एकच असतो. ‘दादाचे अक्षर बघ आणि तुझे बघ!’ ‘ताई तुझ्याएवढी होती तेव्हा सारे घर सांभाळीत असे.’ ‘तो धाकटा असून किती समंजस आहे, आणि तू?’ हे वाक्य कधी रागाच्या भरात येते, कधी थट्टेत येते, तर कधी पाहुण्यांच्या देखत बोलण्याच्या ओघात सहज येऊन जाते. बोलणारा ते बोलून विसरतो. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र ते कुसळासारखे रुतून बसते. दिसत नाही, पण धक्का लागला की सलते.

अशा वेळी कसे वागावे, याविषयी माझे एक मत आहे. ते मला कोणत्याही ग्रंथात सापडलेले नाही. हातून एक मोठी चूक घडली, तेव्हा ते मला मिळाले. म्हणून आधी ती चूक सांगतो.

मी तेव्हा सातवीत होतो. कृष्णाकाठच्या एका लहान गावी आमचे घर होते. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याचे गणित कधी चुकत नसे, त्याच्या वह्यांना कधी डाग पडत नसे. मला मात्र माणसांत बसावे, गोष्टी ऐकाव्यात, नदीत मनसोक्त डुंबावे असे वाटे. सहामाही परीक्षेचा निकाल लागला आणि गणितात मला १०० पैकी ३१ गुण मिळाले. संध्याकाळी वडील ओटीवर आपल्या एका स्नेह्यांशी बोलत बसले होते. आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू. त्यांनी माझे प्रगतिपुस्तक उघडले, क्षणभर पाहिले आणि ते स्नेह्यांकडे वळून म्हणाले, “एकाच आईची दोन लेकरे! थोरला कधी नव्वदाच्या खाली आला नाही, आणि हे आमचे रत्न पाहा. याच्या हातून काही व्हायचे नाही.” स्नेही हसले. अप्पांच्या शब्दांपेक्षा ते हसणे मला अधिक लागले.

मी काही बोललो नाही. खाली मान घालून आत गेलो. माजघरात दादाच्या मेजावर एक नकाशा पसरलेला होता. शाळेच्या प्रदर्शनासाठी तो पंधरा दिवस खपून कृष्णेच्या खोऱ्याचा नकाशा काढीत होता. नद्या, उपनद्या, घाट, गावे, सारे काही नाजूक रेषांनी रेखले होते. शेजारी दौत होती. मी ती उचलली आणि नकाशावर उपडी केली. महाबळेश्वरापासून कराडापर्यंत निळी शाई पसरत गेली, आणि तिच्याखाली एकेक गाव बुडत गेले.

थोड्या वेळाने दादा आत आला. त्याने नकाशा पाहिला, मग माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता तो ओरडेल, अप्पांना हाक मारील. त्याने तसे काही केले नाही. रात्री जेवताना अप्पांनी नकाशाची चौकशी केली, तेव्हा तो एवढेच म्हणाला, “माझ्या हातून शाई सांडली. पुन्हा काढतो.” त्या रात्री माजघरातला दिवा फार उशिरापर्यंत जळत होता. मी डोक्यावर पांघरूण घेऊन पडलो होतो, परंतु कागदावर टाक फिरल्याचा बारीक आवाज मला ऐकू येत होता. तो आवाज मी आजही विसरलेलो नाही. तुलना दादाने केली नव्हती. तो ओटीवर हजरसुद्धा नव्हता. तरी शिक्षा मी त्याला दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी पडवीत ज्वारी पाखडीत बसली होती. माझ्या बोटांवरची शाई तिने पाहिली असावी. तिने मला जवळ बसवून घेतले आणि विचारले, “काल तुझा बाप बोलला, ते सगळे खोटे होते का रे?”

मी म्हणालो, “गणितात कमी गुण पडले, एवढे खरे होते.”

“मग सगळे खरे होते का?”

“नाही. माझ्या हातून काहीच व्हायचे नाही, हे खोटे.”

आजीने सूप एकदा झटकले. कोंडा वाऱ्यावर उडाला. सुपात एक खडा दिसला, तो तिने बोटाने उचलून अंगणात टाकला. मग ती म्हणाली, “दारात आलेले धान्य आपण तसेच जात्यात घालीत नाही. पाखडून घेतो. कोंडा उडून जातो, खडा वेचून टाकायचा, दाणा तेवढा ठेवायचा. काल तू काय केलेस? एक खडा दाताखाली आला म्हणून अख्खे सूप दादाच्या अंगावर उधळलेस.”

आजीचे हे बोलणे मी पुढे जन्मभर जपले. जेव्हा कोणी आपली तुलना भावाशी किंवा बहिणीशी करतो, तेव्हा त्याच्या हाती तराजू असतो. तो तराजू हिसकावून घेण्याची धडपड करू नये. दुसऱ्या पारड्यात बसलेल्या भावंडाला तर मुळीच ढकलू नये. आपण आपले सूप हाती घ्यावे. माझे मत म्हणतात ते हेच.

आता कोणी विचारील, वडीलधारी माणसे अशी तुलना करतात, हे योग्य आहे काय? माझ्या मते ते योग्य नाही. दुधाच्या मापाने कापड मोजता येत नाही आणि कापडाच्या गजाने दूध मोजता येत नाही. दोन मुले एका घरात वाढली, म्हणून ती एका मापाची होत नाहीत. आमच्या दादाने ज्या नद्या कागदावर रेखल्या होत्या, त्यांच्याकडेच पाहा. कृष्णा, कोयना आणि सावित्री या तिन्ही महाबळेश्वरच्या डोंगरमाथ्यावर उगम पावतात. परंतु कृष्णा पूर्वेकडे निघते आणि सुमारे १४०० किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेचा कडा उतरून कोकणात येते आणि थोड्याच अंतरात अरबी समुद्र गाठते. कोयना डोंगरांच्या रांगांमधून दक्षिणेकडे वाहते; तिच्या पाण्यावर आज महाराष्ट्रात मोठी वीजनिर्मिती होते. सावित्री कृष्णेएवढी लांब का नाही, असे म्हणून तिला कोणी दोष देत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र एवढी साधी गोष्ट आपण विसरतो.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र तुम्ही वाचाल, तेव्हा त्यांच्या थोरल्या बंधूंकडेही अवश्य लक्ष द्या. गोपाळराव १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी जन्मले. ते तेरा वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. तेव्हा थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडले आणि कागल येथे दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली. त्यांतील ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळला पाठवीत. गोपाळराव १८८४ साली पदवीधर झाले. पुढे त्यांची कीर्ती देशभर पसरली आणि महात्मा गांधींनी त्यांना आपले राजकीय गुरू मानले. आता या दोन भावांना एका तराजूत घाला पाहू! पदव्या मोजल्या, तर धाकट्याचे पारडे जड. पण त्या ८ रुपयांचे वजन कोणत्या मापाने करणार? ज्याने स्वतःचे पुस्तक मिटले म्हणून भावाचे पुस्तक उघडे राहिले, त्याला कमी ठरविणारा तराजूच खोटा म्हणावा लागेल.

दुसरे उदाहरण अलीकडच्या काळातले आहे. आर. के. नारायण (जन्म १९०६) आणि आर. के. लक्ष्मण (जन्म १९२१) हे म्हैसूरच्या घरातले सख्खे भाऊ. नारायण तरुणपणी विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत एकदा नापास झाले होते. पुढे ते थोर कथाकार म्हणून प्रसिद्ध झाले. लक्ष्मण यांना चित्रकलेची ओढ. मुंबईच्या एका नामवंत कलाशाळेने त्यांना प्रवेश नाकारला. तरी पुढे त्याच मुंबईत व्यंगचित्रकार म्हणून ते घरोघरी पोहोचले. चौकडीचा कोट घातलेला त्यांचा तो अबोल ‘सामान्य माणूस’ तुमच्या आजोबांना विचाराल, तर त्यांना नक्की आठवेल. थोरल्याने शब्दांनी माणसे उभी केली, धाकट्याने रेषांनी. विशेष म्हणजे, थोरल्याच्या कथांसाठी धाकट्याने चित्रे काढली. एकमेकांच्या पुढे जाण्याची त्यांना गरज पडली नाही; दोघे शेजारी शेजारी चालले.

हे सारे खरे असले, तरी वडीलधाऱ्यांना दुष्ट ठरवून मोकळे होणे बरोबर नाही. ती तुलना का करतात, याचा थोडा विचार केला पाहिजे. बहुतेक वेळा त्यांच्या मनात काळजी असते. मुलाचे पुढे कसे होईल, या चिंतेने ती अस्वस्थ होतात, आणि ती चिंता व्यक्त करण्यास योग्य शब्द सापडले नाहीत, म्हणजे जे उदाहरण डोळ्यांसमोर असेल तेच उचलतात. घरात सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे दुसरे मूल. दिवसभर कष्ट करून थकलेला माणूस फार लांबचे माप शोधीत बसत नाही. पुष्कळदा त्यांच्या लहानपणी त्यांच्याशीही कोणी असेच बोललेले असते. कारण कळले म्हणून बोच नाहीशी होते असे नाही. परंतु आपला राग थोडा निवतो, आणि निवलेल्या मनाने पुढचे काम करणे सोपे जाते.

ते काम म्हणजे पाखडणे. ते कसे करावे? समजा, आई म्हणाली, “ताई पहाटे उठून अभ्यास करते. तू आळशी तो आळशीच राहणार!” या वाक्यातला दाणा कोणता? अभ्यास नियमाने होत नाही, हा दाणा. तो कडू असला तरी ठेवून द्यावा, कारण तो आपल्या उपयोगाचा आहे. ‘आळशीच राहणार’ हा कोंडा. आज घडलेल्या गोष्टीवरून उद्याचे भविष्य कोणालाच सांगता येत नाही. तो उडू द्यावा. आणि खडा कोणता? ‘ताईमुळे मला बोलणी बसतात’ हा जो विचार आपल्या मनात येतो, तोच खडा. तो बाहेरून आलेला नसतो; आपणच सुपात टाकलेला असतो. तो सर्वांत आधी वेचून फेकला पाहिजे. तो राहिला, तर वर्षानुवर्षे राहतो, आणि दोन भावंडे एका घरात राहूनही एकमेकांना परकी होतात. परीक्षेतले गुण पुढच्या परीक्षेत भरून काढता येतात. गमावलेले भावंड भरून काढणे फार अवघड असते.

पाखडण्यास थोडा वेळ लागतो, आणि नेमका तेवढा वेळ आपण स्वतःला देत नाही. शब्द कानी पडताच तोंडून उत्तर निघते, किंवा हात दौतीकडे जातो. म्हणून माझे सांगणे असे की, त्या क्षणी काहीच करू नये. तांब्याभर पाणी प्यावे, अंगणात फेरी मारावी, हातातले काम पुरे करावे. शांत राहणे याचा अर्थ घाबरून गप्प बसणे असा नव्हे. जो घाबरून गप्प बसतो, त्याचा राग आत धुमसत राहतो. जो शांत राहतो, तो आपले बोलणे योग्य वेळेसाठी राखून ठेवतो.

आणि योग्य वेळी बोलले मात्र पाहिजे. आजीच्या सांगण्यावरून मी चार दिवस थांबलो. एका संध्याकाळी अप्पा एकटेच ओटीवर बसले होते. मी त्यांच्याजवळ गेलो. पाय कापत होते, तरी म्हणालो, “अप्पा, गणितात मला कमी गुण पडले, हे खरे आहे. आजपासून मी रोज दहा उदाहरणे सोडवीन. पण तुम्ही दादाचे नाव घेऊन बोललात, की मला गणित सुधारावे असे वाटत नाही. दादाचाच राग येतो. परवा त्याच्या नकाशावर शाई मीच सांडली.”

अप्पा पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “उद्यापासून माझ्यासमोर बसून उदाहरणे सोडवीत जा.” बस्स, एवढेच. त्या दिवसापासून त्यांनी तुलना अजिबात सोडली असे सांगितले, तर ते खोटे होईल. सवय एका दिवसात जात नाही. महिन्याभराने ते पुन्हा म्हणू लागले, “थोरल्याने तर...” आणि मध्येच थांबले. त्या थांबण्याचा मला फार आनंद झाला. वार्षिक परीक्षेत मला गणितात ५४ गुण मिळाले. दादाच्या गुणांच्या जवळपासही ते नव्हते. पण ३१ च्या पुढे निश्चित होते. माझी खरी तुलना कोणाशी व्हावयास हवी होती, हे त्या दोन आकड्यांनी मला शिकविले.

ज्याचे कौतुक होते त्या मुलालाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ‘दादाकडे बघ’ हे वाक्य उच्चारले जाते, तेव्हा दादाही ते ऐकत असतो. अशा वेळी गालातल्या गालात हसू नये. भावंडाची मान खाली गेलेली पाहून आपली मान वर करणे, ही काही मोठी मिळकत नव्हे. शक्य असेल तर मोकळेपणाने म्हणावे, “त्याला चित्रे माझ्यापेक्षा छान येतात,” किंवा नुसते त्याच्या शेजारी जाऊन बसावे. तेवढ्यानेही पुष्कळ काम होते.

शिवाय ज्याचे कौतुक होते तो सुखात असतो, ही समजूतही खरी नाही. पुढे कित्येक वर्षांनी, आम्ही दोघेही मोठे झाल्यावर, दादाने मला एक गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “मला प्रत्येक परीक्षेची धास्ती वाटे. एकदा जरी गुण घसरले, तर या घरात माझे काय राहील, असे वाटे. आणि तुला ठाऊक नाही, तू नदीवर गेलास की आई मला म्हणायची, ‘धाकटा बघ कसा चार माणसांत मिसळतो, आणि तू सदा कोपऱ्यात!’ मला तुझा हेवा वाटायचा.” मी चकित होऊन ऐकतच राहिलो. एकाच तराजूची दोन पारडी आम्ही. दोघेही आपापल्या जागी खाली-वर होत होतो, आणि दोघांनाही वाटत होते की दुसरा सुखात आहे.

आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. तुलना कधीमधी झाली, तर तिला सूप पुरते. पण काही घरांत ती रोजचीच होते, तिच्यात तिरस्कार मिसळतो, आणि ऐकणाऱ्याला आपण कोणालाच नको आहोत असे वाटू लागते. अशा वेळी एकट्याने सोशीत राहणे हा शहाणपणा नव्हे. आजी, मामा, मावशी, आत्या किंवा आपल्या विश्वासाचे एखादे शिक्षक यांच्याजवळ मन मोकळे करावे. मदत मागण्यात कमीपणा नसतो. जड सूप दोघांनी धरले, तर ते हलके होते.

मागे एकदा आम्ही दोघे भाऊ कराडला गेलो होतो. महाबळेश्वरच्या माथ्यावरून दोन वाटांनी निघालेल्या कृष्णा आणि कोयना तेथे एकमेकींच्या समोरून येतात आणि मिळतात. लोक त्या जागेला प्रीतिसंगम म्हणतात. आम्ही घाटावर पाण्यात पाय सोडून बसलो. दादाने समोर बोट दाखवून विचारले, “आठवते का रे, या जागी तू शाई सांडली होतीस?” मी म्हणालो, “आठवते. आणि तू ती पुसली होतीस.” तो हसला. पलीकडे दोन्ही नद्यांचे पाणी एक होऊन पूर्वेकडे चालले होते. त्यातले कोणते कृष्णेचे आणि कोणते कोयनेचे, हे सांगता येत नव्हते.

मुलांनो, तुमच्याही घरी कोणी एखाद्या दिवशी तराजू काढील. त्या वेळी रागाने दौतीकडे हात नेऊ नका. थोडे थांबा आणि सूप हाती घ्या. दाणा ठेवा, कोंडा उडू द्या, आणि खडा मात्र आपल्या भावाच्या किंवा बहिणीच्या अंगावर टाकू नका.